दहावीनंतर ऑटोमोबाइल शिकायचं का? गोंदिया जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांनी ट्रेड कसा निवडावा?

दहावीचा निकाल लागला की गोंदिया जिल्ह्यातल्या अनेक घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "पोराला गाड्यांची आवड आहे, मोटार मेकॅनिकला टाकून देऊ."

पण आयटीआयचा ऑनलाइन अर्ज उघडला की गाड्यांशी संबंधित पाच-सहा ट्रेड समोर येतात. नावं जवळपास सारखीच. काही एक वर्षाचे, काही दोन वर्षांचे. घाईत कुठला तरी एक वर टाकला जातो आणि फॉर्म सबमिट होतो.

या ट्रेडमधला फरक नावापुरता नसतो. एका ट्रेडच्या प्रमाणपत्रावर रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीचा अर्ज करता येतो, दुसऱ्यावर येत नाही. एकानंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाचं दार उघडं राहतं, दुसऱ्यानंतर ते बंद होतं. हे अनेकांना कोर्स संपल्यावर कळतं.

म्हणून "ऑटोमोबाइलला स्कोप आहे का?" या प्रश्नाआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. कोर्सनंतर जिल्ह्यातच राहायचं आहे की बाहेर जायची तयारी आहे? आणि निवडलेला ट्रेड कोणती दारं उघडतो, कोणती बंद करतो?

शिकण्याचे रस्ते किती?

गाड्यांचं काम शिकण्याचे ढोबळमानाने तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता गॅरेजचा. ओळखीच्या मिस्त्रीकडे हाताखाली लागायचं आणि पाहत पाहत शिकायचं. इथे फी नाही, हात लवकर बसतो, थोडीफार कमाईही लगेच सुरू होते. अडचण अशी की कितीही चांगलं काम येत असलं तरी कागदावर काहीच नसतं. ज्यांनी हा रस्ता आधीच धरला आहे, त्यांच्यासाठी आधीच्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची 'रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' ही पद्धत आहे. मात्र ते प्रमाणपत्र आयटीआयची जागा घेत नाही.

दुसरा रस्ता आयटीआयचा. दहावीच्या गुणांवर राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने प्रवेश होतो आणि ही प्रक्रिया व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय राबवतं. शासकीय आयटीआयची फी इतर तांत्रिक शिक्षणाच्या तुलनेत फारच कमी असते.

तिसरा रस्ता पॉलिटेक्निकचा, म्हणजे तीन वर्षांच्या डिप्लोमाचा. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत होतो. दहावीला किमान ३५ टक्के गुण लागतात, पण चांगल्या संस्थेतली जागा अर्थातच गुणवत्ता यादीवर ठरते. गोंदियात शासकीय तंत्रनिकेतन आहे. ऑटोमोबाइल ही शाखा मात्र सगळ्याच तंत्रनिकेतनांत नसते. हवी असलेली शाखा जवळ नसेल तर मेकॅनिकल हा जवळचा पर्याय ठरतो, कारण वाहन क्षेत्रातल्या बऱ्याच जागांसाठी दोन्ही डिप्लोमा चालतात.

आयटीआयमध्ये गाड्यांशी संबंधित कोणते ट्रेड असतात?

मेकॅनिक मोटार व्हेइकल: दोन वर्षं. पेट्रोल आणि डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टीअरिंग, वायरिंग असं सगळं थोडं थोडं शिकवणारा सर्वसमावेशक ट्रेड.

मेकॅनिक डिझेल: एक वर्ष. भर डिझेल इंजिनावर. ट्रक, बस, ट्रॅक्टर, जनरेटर अशा ठिकाणी उपयोगी.

मेकॅनिक ट्रॅक्टर: एक वर्ष. ट्रॅक्टर, त्याची हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेतीची जोडअवजारं.

मेकॅनिक टू अँड थ्री व्हीलर: एक वर्ष. मोटारसायकल, स्कूटर, ऑटोरिक्षा.

मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल: दोन वर्षं. बॅटरी, मोटर, कंट्रोलर, चार्जिंग. हा तुलनेने नवा ट्रेड आहे.

याशिवाय ऑटो इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स, बॉडी रिपेअर, बॉडी पेंटिंग असेही ट्रेड आहेत. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या आठ तालुक्यांतल्या प्रत्येक आयटीआयमध्ये यातला प्रत्येक ट्रेड असेलच असं नाही. त्यामुळे अर्ज भरताना 'संस्था अधिक ट्रेड' अशी जोडी पाहूनच पसंतीक्रम लावावा लागतो.

अभ्यासक्रमात वर्षाला १,२०० तास असतात. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास थिअरीचे आणि १२० तास रोजगार कौशल्यांचे. याशिवाय वर्षाला १५० तासांचं प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण असतं. परीक्षेला बसण्यासाठी ८० टक्के हजेरी लागते. ट्रेडमध्ये नाव टाकून घरची शेती करत राहायचं, असा विचार असेल तर तो इथे चालत नाही.

कोणता ट्रेड कोणतं दार उघडतो?

अर्ज भरण्याआधी सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नावर द्यायला हवा.

पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष: दहावीनंतर दोन वर्षांचा संबंधित आयटीआय ट्रेड उत्तीर्ण झालेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. एक वर्षाच्या ट्रेडला ही सोय नाही. पुढे शिकण्याची थोडीशी जरी इच्छा असेल, तर एक वर्ष वाचवण्याच्या नादात हे दार बंद करू नये.

असिस्टंट लोको पायलट: गोंदिया हे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागातलं मोठं जंक्शन. साहजिकच रेल्वेची नोकरी हे इथल्या अनेक मुलांचं स्वप्न असतं. लोको पायलट भरतीत पात्र आयटीआय ट्रेडची ठरावीक यादी असते. त्यात मोटार व्हेइकल, डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिक हे ट्रेड आहेत. टू अँड थ्री व्हीलर त्यात नाही. नव्या ट्रेडसाठी प्रत्येक वेळी जाहिरातीतली यादीच वाचावी. या पदाला वैद्यकीय चाचणीचा 'ए-१' हा सर्वांत कडक निकष लागतो. त्यात चष्म्याशिवाय पूर्ण दृष्टी आणि रंग ओळखण्याची क्षमता तपासली जाते. ज्याला चष्मा आहे, त्याने केवळ या नोकरीसाठी ट्रेड निवडण्यात अर्थ नाही.

आरटीओ: 'एमएच ३५' ही पाटी देणाऱ्या कार्यालयात सहायक मोटार वाहन निरीक्षक व्हायचं असेल, तर फक्त आयटीआय पुरत नाही. ही पदं महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात आणि त्यासाठी ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा किमान डिप्लोमा लागतो.

एसटी महामंडळ: गोंदिया आणि तिरोडा ही दोन्ही आगारं एसटीच्या भंडारा विभागात येतात. एसटीच्या विभागांमध्ये मोटार मेकॅनिक, डिझेल मेकॅनिक, ऑटो इलेक्ट्रिशियन अशा ट्रेडसाठी शिकाऊ उमेदवार घेतले जातात. रोज रस्त्यावर धावणाऱ्या बसवर काम शिकायला मिळणं ही जमेची बाजू. शिकाऊ उमेदवारी म्हणजे कायम नोकरीची हमी मात्र नाही.

आयटीआयमधला निदेशक: ट्रेड पूर्ण केल्यावर शिकवायची इच्छा असेल तर निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा वेगळा कोर्स असतो.

गोंदियात दुरुस्तीला नेमक्या कोणत्या गाड्या येतात?

ज्याला गावाजवळच राहायचं आहे, त्याच्यासाठी या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा महत्त्वाचं आहे.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. चिखलणी, रोवणी, कापणी, मळणी आणि मग राइस मिलपर्यंत धानाची वाहतूक, या सगळ्या साखळीत ट्रॅक्टर असतो. रोवणीच्या तोंडावर ट्रॅक्टर बंद पडला तर शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट पाहू शकत नाही. बांधावर जाऊन काम करणाऱ्या मिस्त्रीला तेव्हा मागणी असते. याची दुसरी बाजू अशी की हंगाम सरला की काम मंदावतं.

ट्रॅक्टरबाबत एक तांत्रिक मुद्दाही आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना 'ट्रेम ४' हे प्रदूषणाचे नवे निकष लागू झाले आणि त्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं. त्यापेक्षा लहान ट्रॅक्टर त्या टप्प्यात यातून वगळले होते. म्हणजे लहान शेतकऱ्याच्या अंगणातल्या बऱ्याच ट्रॅक्टरवर आज जुनं, यांत्रिक पद्धतीचं डिझेल काम चालतं. हे कौशल्य एका रात्रीत कालबाह्य होणार नाही.

जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, देवरी आणि सडक अर्जुनी तालुक्यांतून, नागपूर-रायपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. इथे ट्रकची वर्दळ दिवसरात्र असते. टायर, एअर ब्रेक, क्लच, इलेक्ट्रिकल बिघाड ही इथली रोजची कामं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष आल्यानंतर नव्या ट्रकमध्ये धूर स्वच्छ करणारी यंत्रणा, डीईएफ नावाचं द्रावण आणि अनेक सेन्सर आले. आता बिघाड शोधायला कानासोबत स्कॅनरही लागतो.

दुचाकींचंही तसंच. बीएस-६ नंतर कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. नुसता जेट साफ करून गाडी चालू करण्याचे दिवस नव्या गाड्यांसाठी संपले. गावोगावच्या मिस्त्रींपुढचं हे मोठं आव्हान आहे आणि नव्याने शिकून येणाऱ्यासाठी हीच संधी आहे.

इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर मेकॅनिकचं काम संपेल का?

काही कामं नक्की कमी होतील. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन ऑइल, स्पार्क प्लग, सायलेन्सर नसतो. पण ब्रेक, सस्पेन्शन, स्टीअरिंग, टायर, बेअरिंग ही कामं तशीच राहतात. त्यात बॅटरी, मोटर, कंट्रोलर, चार्जर आणि वायरिंगची भर पडते.

यात सुरक्षेचा मुद्दा मोठा आहे. साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्टची जोडणी असते. इलेक्ट्रिक कारमध्ये हाच आकडा साधारण ३०० ते ४०० व्होल्टपर्यंत जातो. चुकीच्या ठिकाणी हात लागला तर जीव जाऊ शकतो. हे काम पाहून पाहून शिकण्याचं नाही. इन्सुलेटेड हातमोजे, वीजपुरवठा तोडण्याची पद्धत आणि मोजमापाची उपकरणं यांचं रीतसर प्रशिक्षण लागतं.

मग सरळ इलेक्ट्रिक व्हेइकलचा ट्रेड घ्यावा का? शहरात किंवा कंपनीत जायची तयारी असेल तर तो चांगला पर्याय आहे. एसटीनेही ५,१५० इलेक्ट्रिक बस भाडेतत्त्वावर घेण्याचा करार केला होता. पण ज्याला गावाकडे ट्रॅक्टर आणि ट्रकवरच काम करायचं आहे, त्याच्यासाठी आज डिझेलची बाजू भक्कम असणं गरजेचं आहे. दोन्हीच्या मध्ये अडकलेल्यांसाठी दोन वर्षांचा मोटार व्हेइकल ट्रेड आणि त्यानंतर इलेक्ट्रिकचा छोटा कोर्स, हा मधला मार्ग ठरू शकतो.

कोणताही ट्रेड घेतला तरी मल्टिमीटर आणि वायरिंगचा नकाशा वाचता येणं आता आवश्यक आहे.

कोर्सनंतरचं वर्ष इतकं महत्त्वाचं का?

आयटीआयच्या वर्कशॉपमधलं इंजिन अनेक बॅचनी शंभरदा खोललेलं असतं. ग्राहकाची गाडी तशी नसते. म्हणून शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अ‍ॅप्रेंटिसशिप, हा शिक्षणाचाच दुसरा भाग समजायला हवा.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार ही उमेदवारी दिली जाते. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांत आयटीआय उत्तीर्णांसाठी महिना किमान ७,००० रुपये आणि डिप्लोमाधारकांसाठी ८,००० रुपये विद्यावेतन ठरलं होतं. करार करताना त्या वेळचा चालू दर पाहावा. विद्यावेतन हा पगार नसतो आणि मुदत संपल्यावर उमेदवाराला नोकरीवर घेण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हेही आधीच लक्षात घ्यावं.

घरच्यांनी हिशेब इथेच करायला हवा. पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरमध्ये चार जणांत खोली घेऊन, मेस लावून राहायचं म्हटलं तर विद्यावेतनातून घरी पाठवायला फारसं काही उरत नाही. ते वर्ष कमाईचं नसून शिकण्याचं आहे, हे घरात आधीच बोललेलं असेल तर मुलगा तीन महिन्यांत परत येत नाही.

'कंपनीत लावून देतो' असं सांगून पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावं. खऱ्या शिकाऊ उमेदवारीचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवलेला असतो. नोंदणी क्रमांक मागावा. तो मिळत नसेल तर ती उमेदवारी नव्हे, नुसतं 'ट्रेनी' म्हणून कमी पैशांत केलेलं काम असू शकतं.

जिल्ह्याबाहेर जावंच लागेल का?

वाहन उद्योगाचे मोठे कारखाने गोंदियात नाहीत. जवळचं उदाहरण शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे आणि तिथे गिअरबॉक्स तयार होतात. गोंदियापासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर असलेल्या नागपुरात, हिंगणा एमआयडीसीत, महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे. त्यापलीकडे छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज आणि पुण्याजवळचं चाकण ही वाहन उद्योगाची मोठी केंद्रं.

कारखान्यातलं काम आणि गॅरेजमधलं काम एकसारखं नसतं. कारखान्यात एकच काम दिवसभर पुन्हा पुन्हा करावं लागतं. शिफ्ट असतात. गाडी खोलून बिघाड शोधण्याची ज्याला आवड आहे, त्याने कारखान्याऐवजी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये उमेदवारी केलेली बरी. तिथे नवी मॉडेल, स्कॅनर आणि कंपनीचं प्रशिक्षण मिळतं. हाच अनुभव पुढे स्वतःच्या गॅरेजमध्ये कामी येतो.

प्रवासाचा प्रश्न जिल्ह्याच्या आतही आहे. आमगाव, सालेकसा, तिरोडा किंवा अर्जुनी मोरगावच्या विद्यार्थ्याला गोंदियाला रेल्वेने येता येतं. देवरीला रेल्वे नाही. दूरच्या गावातल्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहाची चौकशी प्रवेशासोबतच करावी. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी देवरीतल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृह आणि योजनांची माहिती मिळते.

स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल तर?

वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अर्ज करता येतो. सेवा उद्योगासाठी प्रकल्प खर्चाची मर्यादा २० लाख रुपये आहे. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान मिळतं. सेवा उद्योगाचा प्रकल्प ५ लाखांपेक्षा मोठा असेल तर किमान आठवी उत्तीर्ण असावं लागतं. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी.

अनुदान मिळालं तरी उरलेलं बँकेचं कर्ज असतं आणि हप्ता हंगामाची वाट पाहत नाही. म्हणून दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे काम करून ग्राहक, सुट्या भागांचे दुकानदार आणि उधारीचा अंदाज आल्यावरच हे पाऊल टाकणं शहाणपणाचं.

मुलींनी हे क्षेत्र निवडावं का?

आयटीआयमध्ये मुलींसाठी जागा राखीव असतात आणि नियमाने कोणताही वाहन ट्रेड त्यांना बंद नाही. आज कामाचं स्वरूपही बदललं आहे. स्कॅनरवर बिघाड शोधणं, बॅटरीची तपासणी, सर्व्हिस सेंटरमध्ये ग्राहकाशी बोलून गाडीची तक्रार नोंदवणं, कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, या कामांत ताकदीपेक्षा अचूकता लागते. खरी अडचण बहुतेकदा स्वच्छतागृह, कामाची वेळ आणि परतीच्या प्रवासाची असते. उमेदवारीची जागा निवडताना या गोष्टी थेट विचाराव्यात.

संस्था पाहायला गेल्यावर काय विचारावं?

प्रवेशाआधी एकदा वर्कशॉपमध्ये प्रत्यक्ष जावं. तिथे पुढचे प्रश्न विचारावेत.

या ट्रेडला पूर्णवेळ निदेशक आहे का?

चालू स्थितीतलं बीएस-६ इंजिन किंवा गाडी वर्कशॉपमध्ये आहे का? स्कॅनर आहे का?

मागच्या बॅचमधली मुलं शिकाऊ उमेदवारीला कुठे गेली?

संस्था खासगी असेल तर ट्रेडला केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाची संलग्नता आहे का?

ऑनलाइन प्रक्रियेत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. नेमका नियम त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावा. पण पहिल्या क्रमांकावर तेच टाकावं, जे खरंच हवं आहे.

मग निर्णय कसा घ्यायचा?

गावाजवळच राहायचं आहे आणि लवकर काम सुरू करायचं आहे, तर ट्रॅक्टर किंवा डिझेल हे एक वर्षाचे ट्रेड आणि त्यानंतर शिकाऊ उमेदवारी.

अजून नक्की ठरलेलं नाही, पुढे शिकावंसंही वाटू शकतं, तर दोन वर्षांचा मोटार व्हेइकल ट्रेड. सगळ्यात जास्त दारं हाच उघडी ठेवतो.

शहरात जायची तयारी आहे आणि विजेच्या कामात रस आहे, तर इलेक्ट्रिक व्हेइकल.

गणित बरं आहे, घरून तीन वर्षांचा खर्च झेपतो आणि आरटीओसारख्या पदांवर नजर आहे, तर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल डिप्लोमा.

आणि आवड खरी आहे का हे पाहायचं असेल, तर निकालाआधीच्या सुट्टीत पंधरा दिवस ओळखीच्या गॅरेजमध्ये घालवावेत. मे महिन्याच्या उन्हात गाडीखाली झोपून गंजलेला नट सोडवल्यावरही दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे जावंसं वाटलं, तर अर्ज भरायला हरकत नाही. नुसती गाडी चालवायची आवड असेल, तर तेही याच पंधरा दिवसांत कळेल आणि दोन वर्षं वाचतील.